निळ्या बर्फाच्या चंद्राची श्रीमंती

तीर्थरूप हिल्डामावशी,

डुलुथहून तुझ्या आर्नीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? टूसॉनच्या उन्हात तो कुरकुरायचा थांबला असेल, अशी आशा आहे. इथे तळ्यावरून वारा असा सुटलाय की कान जागेवर आहेत का ते चाचपून पाहावं लागतं. बाकी घरी सगळे ठीक. मी ठीक नाही.

तू गाव सोडताना आपला शनिवारचा खेळ माझ्या हाती दिलास (नकाशे, फासे आणि तळघरातली डुगडुगती खुर्ची यांसकट). तेव्हापासून अंतराळातली गोष्ट मी रचतो आणि ग्रेचेन, रॉल्फ व पर्ल तीत एका कर्जबाजारी मालवाहू यानाचे खलाशी होऊन फिरतात. यानाचा हप्ता थकलेला, इंधन संपत आलेलं, त्यामुळे कुठलंही जिवावरचं काम दिसलं की तिघं धावायची. खलाशाचा खिसा रिकामा असला की गोष्ट आपोआप चालते, हे तूच शिकवलंस. पण वर्णन करताना हात आखडू नये, हेही तूच शिकवलंस, आणि तिथेच घात झाला. एक ओसाड चंद्र मी त्यांना गंमत म्हणून कवडीमोलाने विकत घेऊ दिला आणि उगाच शोभेसाठी म्हणालो, की त्यावर क्षितिजापर्यंत निळा बर्फ चमचमतोय. रॉल्फने शांतपणे नियमांचं पुस्तक उघडलं. बर्फापासून यानाचं इंधन बनतं. आता अर्धी आकाशगंगा या तिघांकडून इंधन घेते आणि ही मंडळी खुर्चीतून हलायला तयार नाहीत.

तो पैसा काढून घ्यायला मी काय नाही केलं! चाचे पाठवले, तर पर्लने त्यांना नोकरीवर ठेवलं, वर भरपगारी रजा दिली. बँक बुडवली, तर ग्रेचेनने पैसा आधीच निरनिराळ्या ग्रहांवर विभागून ठेवलेला (खऱ्या आयुष्यात ती लोकांचे आयकराचे कागद भरते, हे मी विसरलो). मग मी सम्राटाचा कर बसवला. तिने अपील केलं. कित्येक शनिवार आम्ही नुसती सुनावणी खेळलो, आणि मावशी, ती जिंकली! परतावा व्याजासकट मलाच द्यावा लागला.

गेल्या शनिवारी मात्र माझा तोल गेला. काय घडणार ते फाशांनी ठरायचं, पण ते न टाकताच मी जाहीर केलं, की चंद्रावर धूमकेतू आदळला आणि सगळं संपलं. पर्लने भाजून आणलेला बटाट्या-खिम्याचा हॉटडिश टेबलावर थंड होत राहिला.

"फासे टाक," ग्रेचेन म्हणाली.

मी म्हटलं, धूमकेतू काही फाशांना विचारून येत नाही.

"अरे बाबा, हरव ना आम्हाला, पण खेळून हरव! हा तर सरळ दरोडा झाला."

रॉल्फने आपले फासे पिशवीत भरले. ते तो कधी घरी नेत नाही गं, आपल्या फडताळातच ठेवतो. खेळातली आमची माणसं येत्या शनिवारी निवृत्त होतील, एवढंच पर्ल जिना चढताना म्हणाली. म्हणजे खेळ बंद. मावशी, मला भीती वाटते. या तिघांखेरीज मला हाक मारून बोलावणारं इथे कोणी नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून घास गोड लागलेला नाही. तेव्हा त्यांचा पैसा जाईल पण माणसं जाणार नाहीत, अशी एखादी युक्ती ताबडतोब कळव.

तुझाच,
आर्नी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच ग्रेचेनचा फोन आला. मी धूमकेतू मागे घेतला आणि माफी मागितली. मग ती म्हणाली, "तू कधी आमच्या बाजूला बसलायस का रे? चंद्रावर एक मेकॅनिक हवाय आम्हाला. ये की!" मावशी, मला नोकरी लागली! म्हणजे आता गोष्ट रचायला कोणी नाही. शनिवारच्या आत निघून ये, विमानतळावर न्यायला मी येतो.

आणखी ता. क. वर मागितलेली युक्ती सुचली असेल तर तूर्त तुझ्याजवळच ठेव. माझा पहिला पगार व्हायचाय.