सुपावरची सावली

कुडवा, गोंदिया
१२ जानेवारी २०२५

चि. ओमेश्वरीस अनेक आशीर्वाद.

तू तुझ्याबरोबर माझंही नाव त्या ऑनलाइन सिनेमाच्या वर्गात घातलंस, तेव्हापासून शेजारचा जागेश्वर म्हणतो, गुरुजी आता हिरो बनून राहिले. बनू दे. तुझी आजी गेल्यापासून घरात कुणाचा आवाज नाही; लॅपटॉपमधून निदान हजेरी तरी होते. परवा नाव पुकारल्यावर मी सवयीनं उभा राहून हजर म्हणालो, तर पडद्यावर नुसतं पोट दिसलं म्हणे. सगळे हसले. तूही हसलीस, दिसलं मला. मग मी सरांना विचारलं, कवितेला चाल असते तशी सिनेमाला असते काय? त्यांनी माझा आवाजच बंद केला.

घरचा एखादा व्हिडिओ जमा करायचा होता. माझ्याजवळ आजीचा एकच होता, तो दिला. अंगणात तांदूळ पाखडते, सूप ठेवून आत जाते आणि आतून हाक मारते, "फोटू कायले काढून राहिले जी? जेवाले या." दिल्यावर मी तो फोनमधून पुसून टाकला. पेपर गुरुजींच्या हाती गेला की आपल्याजवळ नक्कल ठेवू नये, हेच जन्मभर पोरांना शिकवलं. तपासून परत देतीलच.

अभ्यासातून उरेल तेवढा लोभ म्हाताऱ्यासाठी ठेव.
तुझा आबाजी,
ज्ञानीराम

पुणे
९ फेब्रुवारी

ती. आबाजींस सा. न. वि. वि.

शेवटच्या वर्गाला तुम्ही नव्हतात आणि मेसेज उघडत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. सरांनी तुमचाच व्हिडिओ सगळ्यांना संकलनाला दिला होता : नको ते कापा. मी पहिली आले! बाकीच्यांनी आजीला ठेवून रडकं संगीत घातलं. मी आजीच काढली. हाकही काढली. उरलं रिकामं अंगण, सूप, दाणे टिपणाऱ्या चिमण्या. सर म्हणाले, माणूस नाही म्हणूनच माणूस जाणवतो. आता एका महोत्सवाला पाठवते आहे. खरं सांगू? तुमचं मूळ शाळेच्या गॅदरिंगसारखं होतं.

वर्ग संपला, सॉफ्टवेअरमधलं सगळं पुसलं गेलं. माझी फिल्म तेवढी मी उतरवून घेतली; मूळ तुमच्याकडे असेलच. जागेश्वरकाकांना लिंक पाठवली आहे, नक्की बघा.

लोभ आहेच, कौतुकही येऊ द्या.
आपली
ओमेश्वरी

कुडवा
१८ फेब्रुवारी

चि. ओमेश्वरीस आशीर्वाद.

मूळ माझ्याकडे नाही. मागच्या पत्रात लिहिलं होतं. घाईत वाचायचं राहिलं असेल तुझं.

तुझी फिल्म पाहिली. चिमण्या छान आल्या. आणि बाई, अगदी सुरुवातीला सुपावरून एक सावली सरकते. डोक्यावर पदर आहे. ती आजी आहे, आत चालली आहे. मुद्दाम ठेवलीस काय? ठेवलीस ते फार बरं केलंस. जागेश्वरला रोज सांजेला तेवढंच लावायला सांगतो. तो म्हणतो, काऊन जी गुरुजी, पुढचं पाहूच देत नाही. त्या सावलीमागून हाक येते, ती मला तोंडपाठ आहे. यंत्राची गरज नाही.

तुला पैकीच्या पैकी गुण.

लोभ आहे, आहे तेवढा राहू दे.
तुझा आबाजी

पुणे
२७ फेब्रुवारी

ती. आबाजींस सा. न. वि. वि.

तुमची नजर अजून मास्तरांचीच आहे! ती सावली मुद्दाम ठेवली नव्हती, राहून गेली होती. तुम्हाला आवडली हे कळलं, पण महोत्सवात ती ढिलाई दिसली असती. कापून टाकली. त्याच लिंकवर जुनी काढून नवी चढवली आहे, म्हणजे जागेश्वरकाकांना काही करावं लागणार नाही. आता लावली की थेट चिमण्याच.

असाच लोभ असू द्या आणि अशाच चुका दाखवत राहा.
आपली
ओमेश्वरी