बाबांच्या रुमालाचं टोक

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तूर्त शब्दांनीच, डॉक्टरीणबाईंनी खाली वाकायला मनाई केली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला? इकडे एक डोळा सोडून सर्व क्षेम.

झालं असं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या, भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग उघडताना तुटली आणि तिचा कण माझ्या उजव्या डोळ्यात गेला. (भिंग नेमकं तेव्हाच डोळ्यावरून काढून ठेवलेलं.) बाबा शेजारच्या स्टुलावर होते. त्यांनी नेहमीप्रमाणे रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं, माझी पापणी उलटली आणि कण काढला. हात अजून पक्का आहे त्यांचा. कण निघाला, ओरखडा राहिला, आणि ओरखड्यातून थुंकीतले जिवाणू आत उतरले. सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका होता आणि उजेड सुईसारखा टोचत होता. बाबा म्हणाले, "डोळ्याला आराम हवाय." म्हणून डोळा झाकून घरी बसलो. ठिपक्यालाही आराम मिळाला, तो वाढला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी व्रण खरवडला, ते खरवडलेलं काचेच्या बशीत वाढवलं आणि दुसऱ्या दिवशी बशी माझ्या चांगल्या डोळ्यापुढे धरली. दाट वस्ती झाली होती. "हे तोंडातले जिवाणू. तोंडात निमूट असतात, बुबुळाला चीर मिळाली की पोखरत सुटतात. डोळ्यात थुंकी कोणी घातली?" बाबा मागे उभे होते. म्हणाले, "बाहेरची नाही हो, घरचीच." मग त्यांना माझ्या गालावर ओघळलेलं औषध दिसलं. त्यांनी रुमाल काढला आणि टोक तोंडात घातलं. बाई अशा ओरडल्या की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून उभा राहिला. तेव्हापासून बाबा दाराबाहेर बसतात. रुमाल घरी ठेवून येतात.

तासातासाला थेंब घालतात. जिवाणू मेले. व्रण भरतोय, डाग तेवढा बुबुळाच्या मधोमध राहील. बाकी ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. दुकान बंद आहे. मी गावाला गेलोय असं बाबा गिऱ्हाइकांना सांगतात.

ता. क. 'बाकी ठीक' लिहिलं, कारण बाबा दारातून विचारत होते, काय लिहितोयस. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो, स्क्रूची खाच दिसणार नाही. भिंग डाव्या डोळ्याला लावून पाहिलं, ते मांडीत पडतं. तू डाव्या डोळ्याला भिंग लावायचास म्हणून बाबांनी तुला कामावरून उठवलं होतं. काल स्वतःशीच म्हणाले, "थोरल्याला जमायचं." तुला ते कळवणार नाहीत. तू ये आणि मला शिकव. त्यांनी तुझं स्टूल पुसून ठेवलंय. (कशाने, ते मी विचारलं नाही.)