वाघोबाला दिलेला पत्ता

म्हसा रोड, ता. मुरबाड
पाडव्याला आठ दिवस बाकी

ती. सौ. सकुताईस,

धाऊचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खरंच ठेवलं आहे असं समज. मधे अर्धा मुरबाड आणि अर्धा शहापूर तालुका आहे म्हणून तुला दिसत नाही इतकंच.) आमच्याकडे सगळी खुशाल आहेत. तुझ्या भावजयीची, कमळची, कंबर थंडीत धरली होती, ती होळीच्या आसपास सुटली. म्हैस व्याली. दाजींचा खोकला कसा आहे? तुझा डावा गुडघा कसा आहे? पायरी चढताना हात टेकावा लागतो का? आणि गोठ्यावर निळे पत्रे घातलेत ते बरं केलंत, कौलं माकडं राहू देत नाहीत. हे सगळं मला कसं कळलं असं तू विचारशील. ते पुढे येईल. घाई करू नकोस, चार वर्षांनी पत्र लिहितो आहे, हाताला सवय राहिलेली नाही.

चार वर्षं का गेली ते तुला माहीत आहे, पण पत्र आहे म्हणून लिहून टाकतो. अक्षदाच्या लग्नाला मी तिचा सख्खा एकुलता मामा. नवरीच्या पाठीमागे मामानं उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत कुणी मला शिकवायला नको. मी मांडवात पोचलो तेव्हा शेवटची मंगलाष्टका चालू होती आणि अक्षदाच्या पाठीमागे तुमचा शेजारी साईनाथ उभा. डोकं कापसासारखं पांढरं, खांद्यावर नवा टॉवेल, जणू जन्मापासून मामाच आहे. मी तिथूनच मागे फिरलो. जेवलो नाही. तू मांडवाच्या दारापर्यंत धावत आलीस, हाक मारलीस, मी वळून पाहिलं नाही. एसटी पंक्चर झाली त्यात माझा काय दोष, मुहूर्त दहा मिनिटं थांबवता आला नसता का, हे मी तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत आलो. (कमळ तर अजूनही लाल डबा दिसला की टायरकडे बघून बोटं मोडते.) तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. तिसऱ्यांदा तू केला नाहीस आणि त्याचाही मला राग आला. आता बघ कसा माणूस आहे.

तर होळीच्या तोंडावर किन्हवलीच्या बाजारात कळलं की आपल्या धाकट्या दिशाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. सांगणारा माणूस मला विचारत होता, तारीख कोणती. मामाला विचारत होता. मी म्हटलं, कळवतो. घरी येऊन दोन दिवस मी गोठाच झाडत राहिलो. तिसऱ्या दिवशी कमळला सांगितलं, मला तुमच्याकडचं अभयारण्य बघायला जायचं आहे.

ताई, ती हसली नाही हे तिचे उपकार. जन्म जंगलाच्या कडेला गेला, करवंदं, शेवळं, मोहाची फुलं, सगळं त्याच जंगलातून आणलं, पण जंगल बघायला म्हणून कधी कुणी गेलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं काही न विचारता तांदळाच्या सहा भाकऱ्या आणि सुका जवळा बांधून दिला. एकट्या माणसाला सहा भाकऱ्या कशाला असं मी म्हटलं, तर म्हणाली, जंगलात कोण भेटेल सांगता येत नाय.

जीप तुमच्या फाट्यावर थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, काका, इथं ना? माझा एक पाय बाहेर पडला सुद्धा. मग फाट्यावरच्या टपरीत साईनाथचं पांढरं डोकं दिसलं. (साईनाथ नव्हता. दुसरंच कुणी म्हातारं होतं, हे नंतर कळलं.) मी पाय आत घेतला आणि म्हटलं, पुढं. अशा रीतीनं मी पर्यटक झालो.

एकदा पर्यटक झालं की मागे फिरता येत नाही. मी माहुली गडाच्या पायथ्याशी गेलो, तिथं मान वर करून सुळके पाहिले. चढायचं का असं एकानं विचारलं, तर म्हटलं, मागच्या महिन्यात चढलो. तलावावर गेलो, पाणी पाहिलं. एका देवळात जाऊन फरशी पाहिली, फार गुळगुळीत आहे. आणि या प्रत्येक ठिकाणाहून दुसरीकडे जाताना तुमचा फाटा लागतो हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्या फाट्यावरून तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी ड्रायव्हर विचारायचाही थांबला.

शेवटी अभयारण्याच्या दारात आलो. तिथं वहीत नाव-गाव लिहावं लागतं. बाकावर बसलेल्या दोन बाया तुमच्या गावच्या वाटल्या, म्हणून मी टॉवेल तोंडावर ओढला आणि वहीत लिहिलं, जयराम, राहणार टिटवाळा. खोटं नाव लिहिताना अक्षर फार सुंदर येतं असा अनुभव आला.

आत एक लोखंडी मनोरा आहे, वर चढून पक्षी बघायचे. वर मुंबईचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि त्यांची दुर्बीण. भली माणसं, त्यांनी मलाही डोळ्याला लावायला दिली. त्यांनी झाडाकडे दाखवलं, मी झाडाकडे लावली, आणि मग हात आपोआप डावीकडे गेला. पळस फुललेला होता, त्याच्या पलीकडे बांध, बांधापलीकडे निळे पत्रे. आणि अंगणात तू. मोहाची फुलं वाळत घालत होतीस. ओट्याची पायरी चढताना डावा गुडघा दाबून धरलास, मग एक श्वास घेतलास, मग चढलीस. आईसुद्धा अशीच चढायची, तिच्या शेवटच्या दोन वर्षांत. केस सगळे पांढरे झालेत गो तुझे. मला वाटत होतं ते फक्त माझेच झालेत.

दहा मिनिटं झाली असतील. त्या बाईंनी विचारलं, कोणता पक्षी दिसला? मी म्हटलं, दयाळ. मादी आहे. त्या म्हणाल्या, आम्हालाही दाखवा ना. मी दुर्बीण परत देताना म्हटलं, उडाली. तुला उडवलं त्याबद्दल माफ कर, पण दुसरं काही सुचलं नाही.

तिथून उतरलो तो पाय थेट वाघोबाच्या वाटेला लागले. तुझ्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीत वाघबारशीला तू मला नेलं होतंस तोच वाघोबा, ऐनाच्या झाडाखालचा दगड. जंगलात शिरताना त्याला हिरवी डहाळी वाहायची, म्हणजे तो समजतो की माणूस आपलाच आहे. दगड आता झिजून गेला आहे, पण समोरच्या झाडाला कुणीतरी एक छोटी पेटी पट्ट्यानं बांधली होती. झाडाच्याच रंगाची, मधे काचेचा गोल डोळा, आणि मी जवळ जाताच आत बारीक लाल दिवा लागला. मला वाटलं, तुमच्या गावानं वाघोबाचं नवं ठाणं केलं. हल्ली गणपतीपुढे बॅटरीचे दिवे असतात, सत्यनारायणाला चायनाचं तोरण असतं, मग वाघोबानं काय घोडं मारलंय. मी चपला काढल्या. ऐनाची चांगली भरगच्च डहाळी तोडली आणि पेटीच्या पट्ट्यात नीट खोचून दिली, डोळ्यावर सावली येईल अशी. भाकऱ्या तुझ्यासाठी होत्या, त्यातल्या दोन जवळ्यासकट त्याच्यापुढे ठेवल्या. (वाघोबा काही माळकरी नाही.) आणि मग गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं आपण कसं घालतो तुला माहीतच आहे. देवाकडे हजार माणसं येतात, तेव्हा आधी नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, गाव, तालुका, घर कुठं, म्हणजे देव चुकून दुसऱ्याच्या घरी जात नाही. मी सगळं सांगितलं. पाण्याच्या टाकीपासून तिसरं घर, दारात शेवगा, इथपर्यंत सांगितलं. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. मग थोडा रडलो. बरं वाटलं. उरलेल्या चार भाकऱ्या किन्हवलीपर्यंत येताना जीपमध्ये खाल्ल्या आणि घरी येऊन कमळला म्हटलं, जंगल छान आहे.

नवव्या दिवशी दारात मोटरसायकल थांबली. खाकी कपड्यातली बाई, वनरक्षक, नाव गिरजा. तिनं शेवग्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मोजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाली, धाऊकाका तुमीच ना? दारातल्या वहीत जयराम लिवलंय तेही तुमीच.

ताई, ती पेटी वाघोबाची नव्हती. वाघोबाची नव्हती असंही म्हणता येत नाही, कारण ती बिबट्यासाठीच लावलेली होती. समोर काही हललं की ती आपोआप चित्र घेते, हलतं चित्र, आवाजासकट. जनावरांची गणती चालू होती. मी डहाळी खोचली ती थेट तिच्या डोळ्यावर. मी गेल्यावर मागून येणाऱ्या मुंबईकरांना वाटलं इथली ही पद्धत असणार, त्यांनीही एकेक डहाळी खोचली. (पद्धत आहेच, त्यांची चूक नाही.) रविवार संध्याकाळपर्यंत पेटीचं झुडूपच झालं. त्याच आठवड्यात बिबट्या त्या वाटेनं दोनदा गेला, त्याचे ठसे मातीत आहेत, आणि सरकारच्या दफ्तरी ऐनाच्या पानांची चित्रं आहेत. बरोबर त्याआधी डहाळी हातात घेतलेला मी, आणि त्यानंतर पानं, आणि पानांमागून माझा आवाज, नाव, गाव, तालुका. गिरजा म्हणाली, काका, माणसं शोधायला आमाला आठ-आठ दिवस लागतात. तुमी तर देवाला पत्ताच देऊन ठेवला.

मला वाटलं आता काय शिक्षा करतात कोण जाणे. पण ती तेवढ्यासाठी आली नव्हती. पुन्हा पेटीला हात लावू नका, डहाळी दगडाला वाहा, एवढं सांगून झालं आणि तिनं मोबाइल पुढे केला, ओळख पटवायला. पडवीत कमळ चहा घेऊन उभी होती. कमळनं सगळं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, रडण्यासकट. गिरजा गेल्यावर तिनं बशा धुतल्या, पुसल्या, फळीवर लावल्या. मग नातवाच्या दप्तरातून वही आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं आणि शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. ती अजून बसली आहे. एवढ्या तांदळात एवढे खडे नसतात.

फोन करता आला असता. पण फोन तू उचलशील, हॅलो म्हणशील, आणि मग मला पुढचं बोलता येणार नाही. म्हणून लिहिलं. दाजींना नमस्कार, दिशाला आणि अक्षदाला आशीर्वाद.

तुझा
धाऊ

ता. क. एसटी पंक्चर झाली नव्हती. एसटी वेळेवर होती. कमळ हळदीला आधीच तुमच्याकडे आलेली, मी एकटा निघालो. मुरबाडला स्टँडसमोर न्हाव्याचं दुकान दिसलं. शूटिंग असणार, नवरीच्या पाठीमागे मी असणार, म्हणून कलप लावायला बसलो. एका हातात केस काळे होईनात, त्यानं दुसरा हात दिला. आरशात एसटी उलटी जाताना दिसली म्हणून ती आपली आहे हे कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा डोकं ओलं होतं. तू दहा मिनिटं नाही, अर्धा तास थांबवलं होतंस असं मला नंतर कळलं होतं. हेही मी कुणाला सांगितलं नाही. मी एवढा काळाभोर होऊन आलो होतो आणि तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

दुसरी ता. क. गिरजा मोटरसायकलला किक मारता मारता एक बोलून गेली. ती पेटी दिवाळीपासून तिथं आहे. त्यात आणखी एका बाईचं गाऱ्हाणं आहे, दर महिन्याला येते, पाय ओढत. नाव-गाव सांगते आणि माहेर मुरबाडचं सांगते. पुढं काय बोलते ते गिरजानं ऐकवलं नाही, म्हणाली, दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायचं नसतं, तुमचं ऐकलं ते कामाचा भाग म्हणून. मी विचारलं नाही. पण ताई, एवढ्या गुडघ्यानं तेवढं चालत जाऊ नकोस. यापुढे जे असेल ते मला सांग.

तिसरी ता. क., आणि पत्र खरं तर एवढ्यासाठीच. दिशाच्या पाठीमागे मला उभं राहू देशील का? साईनाथला राग येणार असेल तर त्याला माझ्या शेजारी उभा कर. मी आदल्या दिवशीच येईन, केस पांढरेच ठेवून. कमळ या वेळी माझ्याबरोबरच निघणार आहे, कारण ते न्हाव्याचं दुकान अजून तिथंच आहे.