रेक्झिन म्हणून सांगितलेली खुर्ची

४ जानेवारी, रविवार
शोभाची तेरवी होऊन तीन दिवस झाले. पाहुणे गेले. तिची मोठी बहीण कमलताई दुपारी अमरावतीला परत निघाल्या. निघताना खुर्चीजवळ थांबल्या. "जावईबुवा, ही मले द्या. तिनं हिच्यातच जीव सोडला. मी हिच्यातच बसून जप करीन." मग वाकून हात फिरवला. "कातडं तर नाही ना? असन तर मले नाही चालत."
रेक्झिन, म्हटलं.
शोभालाही हेच सांगितलं होतं. तेव्हाही माहीत नव्हतं.

५ जानेवारी
लिहून ठेवतो. ऑगस्टअखेर डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, आडवं झोपणं जमणार नाही. उंच पाठीची खुर्ची बघा. अमरावतीला कॅम्प भागात एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, तिथून आणली. सागवानी, तपकिरी, हातांवर पितळी खिळे.
शोभा माळकरी. माळ घातल्यापासून चामड्याची चप्पल, पर्स, घड्याळाचा पट्टा, सगळं बंद. एकदा चिडवलं होतं, भजनातल्या तबल्याला काय रेक्झिन लावतात? म्हणाली, "तो देवापुढं वाजते. मी त्याच्यावर बसून नाही राहिली."
खुर्ची टेम्पोतून उतरली तेव्हा दारातच तिनं विचारलं, "कातडं नाही ना?" दम लागला होता. उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, नाही, बस. बसली. पुढे चार महिने त्यातच. झोप, जेवण, सगळं.

७ जानेवारी
मोबाईलवर वाचून तपासलं. खुर्ची पालथी घातली. पाठीमागचे दोन खिळे काढून काठ उलटला. आतून कापडाची वीण. उभे-आडवे धागे स्वच्छ दिसतात. म्हणजे रेक्झिन. चामड्याला आतून कापड नसतं, बारीक लवेसारखं तूस असतं. वरून पाण्याचा थेंब सोडला. ओघळून गेला.
थोडा वेळ तिथेच जमिनीवर बसलो. मग ताईंना फोन. रेक्झिनच आहे, खोलून पाहिलं. त्या रडल्या. "बरं झालं. लय धाक होता मले."
ती गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१० जानेवारी
सीटची एक स्प्रिंग तुटली आहे. ताईंकडे पाठवण्याआधी नीट करावी म्हणून युसूफभाईंच्या दुकानात नेऊन टाकली. आमच्या सोफ्याचं कामही त्यांनीच केलं होतं. शोभाला ओळखत.

१३ जानेवारी
युसूफभाईंनी बोलावलं. सीटचं आवरण सोडवून टेबलावर पालथं ठेवलेलं. वीण नाही. तूस. बोटाला मऊ लागलं.
"काका, पाठ अन् बाजू रेक्झिन. बसाची जागा चमडा. पुराने कारीगर ऐसाच करते थे. जहाँ आदमी बैठता, वहाँ असली. बाकी कौन देखता?"
मी फक्त पाठ पाहिली.
सीटच्या मधोमध मोठा काळसर डाग. निघेल का विचारलं. "नाही काका. रेक्झिनवर असतं तर फडक्यानं गेलं असतं. चमडा पिऊन घेते."
घाम. शेवटी शेवटी लघवीही. मी रोज दोनदा पुसत होतो.
युसूफभाईंनी आवाज खाली आणला. "सीट बी रेक्झिनची करून देतो. एकसारखी दिसन. कोनाले कळत नाही."
थांबा म्हटलं.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा आपल्याकडे नाही. ताईंचा फोन दोनदा. खुर्ची कधी पाठवता विचारणार. उचलला नाही.

१८ जानेवारी, रविवार
पहिलं मासिक. ताई सकाळच्या बसने आल्या. जेवणं झाल्यावर सांगून टाकलं. पाठ रेक्झिन, सीट कातडं. आणि हेही, की शोभाला बसवलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. घेताना त्या लोकांना विचारलंसुद्धा नव्हतं. घाई होती.
वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं.
ताईंनी विचारलं, "तिले कळलं होतं का?"
माहीत नाही म्हटलं.
"दिवाळीत आली होती मी, तवा तिच्या गळ्यात माळ नव्हती. म्हटलं, काहून काढली व? तर म्हणे, राहू दे सध्या. मले वाटलं, गळ्याशी दाटत असन."
मलाही तेच वाटलं होतं. एक दिवस माळ देवघरात डबीत दिसली. विचारलं नाही. अग्नी द्यायच्या आधी मीच ती पुन्हा तिच्या गळ्यात घातली. तिला चाललं असतं की नाही, हा विचारही तेव्हा आला नाही.
ताई खुर्ची नेते म्हणाल्या नाहीत. नको असंही म्हणाल्या नाहीत. चारच्या बसने गेल्या.

१९ जानेवारी
युसूफभाईंचा निरोप. दुकानात जागा अडली आहे, सीटचं काय करू?
जुनीच लावा, असं सांगायला फोन लावला. त्यांनी "बोला काका" म्हटलं. मी नंतर करतो म्हणून ठेवला.