चाँदभाईचा खडा

सौभाग्यवती कौशल्याबाई हीस हैदराबादेहून शहादेवाचा जीवभर आशीर्वाद.

इथवर यायला बैलगाडी नि रेल मिळून चौदा रुपये लागले. पण खरं महाग पडलं ते तुला "येऊ नको" म्हणणं. "हमाली करून आडत उभी केलेला गडी हाय मी, मुतखडा काढायला बायको कावून लागते?" असं चारचौघांत म्हणालो होतो.

दवाखाना चांगला आहे, दूधही मिळतं. काळजी करू नको. म्हैस व्याली का? आईचा खोकला?

शेजारच्या खाटेवर बीडचा बागवान चाँदभाई आहे. त्याचा खडा परवा निघाला, सुपारीएवढा. डॉक्टर शिकाऊ पोरांना बोलावून दाखवतात. माझा लई जळफळाट होतो. खड्यापायी नव्हे, त्याची बायको मुनिरा दिवसभर दाराशी बसते, त्यापायी. आत नेताना तो तिला म्हणाला, "तू बैठी हय ना, फिर डर काय का?" मी ऐकलं.

माझी पाळी आता पंधरा दिवसांनी आहे. आसारामभावजींना घेऊन निघ.

तुझी वाट बघणारा,
शहादेव

ता. क. पाळी खरं तर कालच होती. उपाशी राहा म्हणून बजावलं होतं, आणि मी पहाटे तुझ्या दोन दशम्या खाल्ल्या.