मेलेल्या गुंडाने हलायचं नाही

मी, बाबांचा धाकटा मुलगा, वय तेवीस, काम फायटिंगच्या स्वस्त पिक्चरमध्ये मार खायचं, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. कमरेखालचं काहीच ठिकाणावर नाही, पण सही हाताने करतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय. उद्या माझ्या मणक्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर "होप्स ठेवा" म्हणाले तेव्हा माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत होते, म्हणून हे आजच लिहितोय. हे लिहायला कुणी दबाव आणलेला नाही. न लिहायला आणलाय, ते पुढे येईलच.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. वकिलाने दिलेल्या मृत्युपत्राच्या नमुन्यातले निम्मे शब्द मला ताईने समजावले. स्थावर मालमत्ता काही नाही. सध्या मीच स्थावर आहे.

कलम एक. बँकेत जे असेल ते आईचं. किती आहे ते तिला चारचौघांत विचारू नये.

कलम दोन. गुडघ्याची पॅडं, नकली मिशा, रबरी चाकू, ज्याला हवं त्याने न्यावं. मी जमवलेल्या फायटिंगच्या सीड्या मात्र ताईला. ती म्हणते, "हे बघण्यापेक्षा मी भांडी घासेन." ताई, तुझं सगळं खरं आहे. एकच गुंड तीनदा मरतो, एकदा मिशी लावून, एकदा काढून, एकदा पाठमोरा. हजार वर्षांपूर्वीच्या योद्ध्याच्या मनगटावर घड्याळ असतं. गुरूची दाढी शॉटगणिक वाढते आणि कमी होते. बाईला पळवून नेतात, त्यापलीकडे तिला काम नसतं. स्टोरी कायम एकच, माझ्या गुरूला कुणी मारलं?

पण मोठ्या पिक्चरमध्ये हिरोने बुक्की उगारली की कॅमेराच पळत सुटतो, बुक्की कुणाला लागली ते कळतच नाही. आमच्याकडे तेवढ्या कटिंगची ऐपत नसते. लांबून एकच शॉट, डोक्यापासून टाचेपर्यंत. माणूस उडतो तो खरंच उडतो, आणि पडला की बघणारा खुर्चीतून उठतो. मला जगात याच्याइतकं भारी दुसरं काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

कलम तीन. बाबांनी शिवलेली काळी पँट बाबांना परत. ते शाळेचे युनिफॉर्म शिवतात. माझ्या कामाला माकडउड्या म्हणायचे, तरी पँट स्वतः शिवली आणि म्हणाले, "गुंड झालास तरी शिवण उसवता कामा नये." नाही उसवली. इथे नर्सला कात्रीने कापावी लागली. बाबा, भाच्याचं नाव येऊ नये म्हणून तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, पोरगा घरच्या जिन्यावरून पडला. आपण तळमजल्यावर राहतो. पँटीबरोबर तो जिनाही तुम्हालाच. जन्मभर चढा.

कलम चार. आता दादा. म्हणजे माझा आतेभाऊ, पडद्यावरचं नाव चित्ता. आमच्या पिक्चरचा हिरो तो, फायटी बसवणारा आणि मरणारा मी. शूटिंग बंद पडलेल्या बर्फाच्या फॅक्टरीत होतं. ठरलं होतं असं: दादा लाथ मारेल, मी उजवीकडे उडेन, तिकडे खोकी आणि गादी. पण आपला डावा गाल देखणा आहे असं दादाला कुणीतरी सांगितलंय. ऐन वेळी गाल दाखवायला तो फिरला, लाथ उलटीकडून आली आणि मी बर्फाच्या लोखंडी साच्यांवर पडलो.

आमच्यात नियम आहे, मेलेल्या गुंडाने हलायचं नाही. हलला की टेक वाया. मी हललोच नाही. सगळ्यांना वाटलं, काय काम करतोय पठ्ठ्या! दादाने माझ्या छातीवर पाय ठेवून डायलॉग म्हटला. चुकला. पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. मला ओरडायचं होतं, पण श्वासच वर येईना. मग जेवायची सुट्टी झाली. दादा जाता जाता म्हणाला, "ऊठ की रे, मेलास की काय? जेवण गार होतंय." कॅमेरा बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ताई लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळे हे सगळं शूटिंग तिच्या कॉम्प्युटरवर आहे. काल आत्या आली आणि खाटेवर बसली.

"बाळा, त्याचं आत्ता कुठे नशीब उघडतंय. मोठ्या पिक्चरवाल्यांनी घेतलंय त्याला. तेवढा शॉट पुसायला सांग ना ताईला. आणि कुठे काही लिहून ठेवू नकोस."

"आत्या, तू माझ्या पायावर बसलीयेस."

"अगंबाई!" ती उठली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "शॉट ठेवून पाय परत येणारेत का तुझे?"

"पुसल्यावर येतील का?" डबा घेऊन आत येत ताई म्हणाली.

दादा मागे सफरचंदांची पिशवी धरून उभा. डायलॉग त्याला कधी पाठ नसतोच.

कलम पाच. तो शॉट पुसायचा नाही. पोलिसांतही द्यायचा नाही. पिक्चरमध्ये लावायचा, लाथेपासून दादा जेवायला जाईपर्यंत, अख्खा. दादाने आयुष्यात मारलेली ती एकमेव खरी लाथ आहे, आणि इतका सुंदर मी कधीच पडलो नव्हतो. पिक्चर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा ताईला. शॉटला कात्री लागली तर तिने पिक्चर बाहेर पडू देऊ नये.

कलम सहा. आमच्याकडे आवाज मागाहून भरतात. गुंड ओरडल्याशिवाय मरत नाही. त्या शॉटमध्ये माझं तोंड उघडं आहे, पण आवाज निघालेला नाही. तो आवाज दादाने द्यायचा. माइकसमोर उभं राहून, पडद्यावरच्या माझ्या तोंडाकडे बघत, ओठ जुळेपर्यंत. जुळले की नाही ते ताई ठरवेल. ताई, घाई करू नकोस. रडला तर चालणार नाही, रडणं वेगळं ऐकू येतं, परत घे. घसा बसला तर दुसऱ्या दिवशी बोलव. तो नाही म्हणाला, तर शॉट आहे तसाच, मुका, त्या मोठ्या पिक्चरवाल्यांकडे पाठव.

कलम सात. मी वाचलो तर हा कागद रद्दी, असं वकील म्हणतो. बाकीची कलमं खुशाल रद्दीत जाऊ देत. सहावं मी स्वतः समोर पडून ऐकेन. स्टुडिओच्या दारातून खाट आत जाते. ताईने दार मोजून ठेवलंय.

सही: माझी, माझ्याच हाताने.

साक्षीदार, दोघांच्या देखत सही झाली, दोघांना यातलं काहीही मिळणार नाही:
१. वॉर्डातल्या मावशी. सही केली आणि म्हणाल्या, "असं लिहू नये रे बाळा."
२. शेजारच्या खाटेवरचा पेंटर. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: हाडांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारची ताटं उचलून नेल्यावर.