भरल्या ताटावरून

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार. साजगाव

आज दाजींना ओळख दिली नाही.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलो — मी, आमचे शिकवणारे मोघे आणि इथले मॅनेजर सबनीस. समोर ट्रक भरायचं काम चाललं होतं. डोक्यावर पोतं घेऊन चाललेला एक जण मला बघून थांबला, हसला. हिरामण दाजी! माझ्या सख्ख्या अक्काचे यजमान. ते इथे हमालीला आहेत हे मला ठाऊक होतं, पण आल्या आल्या असे समोर येतील असं वाटलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात मी घड्याळात बघितलं.

घड्याळात! काय बघायचं होतं तिथे?

दाजी पोतं घेऊन पुढे गेले.

६ फेब्रुवारी

कालपासून मन खातंय. म्हणून कारणं शोधत बसलोय. माथेरानच्या हॉटेलात मोघ्यांनी आम्हां सुटलेल्या अफसरांना दोन आठवडे हेच घोकवलं — लष्कर विसरा, हुकूम विसरा, मुलकी कंपनीत माणसं कशी हाताळायची ते शिका. आणि कारखान्यात नातीगोती आणू नका. झालं, सापडलं कारण!

पण इथे कोण वाचतंय? खरं लिहायला हरकत नाही. सबनीसांसमोर मला कॅप्टन मालोजी राहायचं होतं, हमालाचा मेहुणा नव्हे.

चीनच्या लढाईनंतर मिळालेलं तात्पुरतं कमिशन संपलं. बायको आणि छोटी सासऱ्यांच्या घरी. सासरे बोलत नाहीत काही, पण त्यांचं न बोलणंही कळतं. इथे कामगार अधिकाऱ्याची एक जागा आहे. हे दोन आठवडे नीट गेले तर ती माझी. नाही तर पुन्हा अर्ज करत फिरा.

७ फेब्रुवारी

आज कँटीन बघितलं. आमच्या पलटणीत जवान जेवल्याशिवाय अफसर घास घेत नसे. जवानांच्या मागून फिरायचं, आमटी चाखायची, कुणाला कमी पडतंय का बघायचं. मोघे काय वाटेल ते विसरायला सांगोत, ही रीत मी सोडणार नाही! मी बाकांच्या मागून फिरलो. सगळे उठल्यावर मगच जेवलो. बरं वाटलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

कुणी बोललं मात्र नाही माझ्याशी. लाजत असतील.

८ फेब्रुवारी

भात उरला. कँटीनवाला कोंडाजी पातेल्यात बघत म्हणाला, "असं कधी होत नाय साहेब. रेशनला तांदूळ नाय, ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन लोकांची तोंडं विटलीत. हितं भातावर तुटून पडतात."

मग आज का उरला? त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पातेलं घासायला घेतलं.

सबनीस खूश. दुष्काळात तांदूळ वाचला!

९ फेब्रुवारी

कळलं. हात धुवायच्या नळाशी हमालांतला मोरू दुसऱ्याला सांगत होता, मी भिंतीच्या अलीकडे — "घास मोजाया ठेवलाय ह्याला. मागं उभा ऱ्हायला का घशाखाली उतरत नाय रं."

घास मोजायला! मी! मी याच मातीतला. जेवत्या माणसाच्या ताटाकडे बघू नये हे आईनं चार वेळा चापट्या मारून शिकवलेलं. पलटणीत राहून तेवढंही विसरलो!

उपाय सोपा होता. संध्याकाळी सबनीसांना सांगायचं, उद्यापासून मी कामगारांबरोबरच जेवायला बसतो. सांगायलाच गेलो होतो. तिथे मोघे बसलेले. सबनीस त्यांना म्हणाले, "तुमच्या कॅप्टननं आमचं कँटीन शिस्तीत आणलं. हे तुमच्या शिबिराच्या समारोपात सगळ्यांना ऐकवा."

आणि मी म्हणालो, "थँक यू सर."

१० फेब्रुवारी, शनिवार



आज सबनीस स्वतः कँटीनच्या दारात येऊन उभे राहिले — माझी करामत बघायला. मी मागे उभा. भात वाढून झाला होता. दाजी तिसऱ्या बाकावर. त्यांनी पहिला घास कालवला, मान वळवून माझ्याकडे बघितलं, घास तसाच ठेवला आणि उठले. भरल्या ताटावरून! त्यांच्या पाठोपाठ मोरू उठला. मग अख्खी रांग.

माझं डोकं फिरलं. मॅनेजरच्या देखत घरच्याच माणसानं माझी अब्रू काढली! दाजींनी तोंड उघडलं होतं काही बोलायला. मी परेडवर ओरडतो तसा ओरडलो — "खाली बसा!"

कुणी बसलं नाही. सगळे बाहेर गेले. भरलेली ताटं तशीच राहिली.

सबनीसांनी विचारलं, "पहिला कोण उठला? ओळखतोस?"

मी म्हणालो, "हिरामण. लोडिंगचा."

एकेरी! ज्यांना पाटावर बसवून आई स्वतः वाढायची, त्यांचं नाव मी असं घेतलं. ओळखतोस का याचं उत्तर तर दिलंच नाही.

१२ फेब्रुवारी

दाजींना कामावरून थांबवलं. चौकशीला टेबलाच्या अलीकडे सबनीस आणि मी, पलीकडे दाजी उभे. खुर्ची होती, पण कुणी बसा म्हणालं नाही. मी तरी म्हणायचं होतं.

"का उठलास?" सबनीसांनी विचारलं.

"काय नाय साहेब."

"कुणी सांगितलं उठायला?"

"कुनी नाय."

"मग?"

दाजी फरशीकडे बघत राहिले. सबनीस माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, मग्रूर आहे. मी मान हलवली. होय अशी की नाही अशी, माझं मलाच सांगता येणार नाही. त्यांनी होय अशी घेतली.

जाताना दाजींनी दार हळू लावून घेतलं.

१३ फेब्रुवारी

सबनीसांनी चहाला बोलावलं. गेलो. प्यायलो. कसली लाचारी ही!

१५ फेब्रुवारी

रोज ठरवतो की अक्काकडे जायचं. तिचं गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. रोज बूट घालतो आणि खोलीतच बसतो. लढाईत पुढे जायला इतका वेळ लागला नव्हता.

१७ फेब्रुवारी, शनिवार. माथेरान

समारोप झाला. मी उभा राहून बोललो — अन्नाची नासाडी आणि देखरेखीचं महत्त्व! लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोशात असताना खोटं बोलायला अडखळावं लागत नाही, हे आज कळलं. एकानं प्रश्न विचारला, कामगारांनी विरोध केला नाही का? मी म्हणालो, एका माणसानं केला. आणि लोक हसले. मीही हसलो.

जागा मिळाली. सबनीसांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. मग बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी हजर हो. त्या हिरामणला काढायचा कागद तयार आहे. कामगार अधिकारी म्हणून पहिली सही तुझीच."

बायकोला तार करायला हवी होती. केली नाही. ती आनंदानं रडेल, आणि तिला ते रडू द्यायची माझी लायकी नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

शेवटी गेलो अक्काकडे. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. तिनं नेहमीसारखा पाण्याचा तांब्या दिला. मीच सुरुवात केली — दाजींनी असं का केलं? चारचौघांत भरल्या ताटावरून उठले!

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "तुला म्हाईत नाय? अरं, ते तुला ताट आनाया उठले. घरी येऊन बोलले, माजा मेवना मागं उपाशी उभा, नि मी कसा जेवू गं? बाकीच्यांना वाटलं भांडान झालं, ते पन उठले. मंग तू वरडलास, तवा हे बी भायेर पडले."

मग चौकशीत का नाही सांगितलं?

"सांगायचं तर नातं सांगाया लागलं असतं ना रं. तू तर फाटकाशी वळख बी दिली नव्हतीस. बोलले, मालूला नको असंल."

दाजी कुठे आहेत विचारलं.

"मागच्या पडवीत बसलेत," अक्का म्हणाली. "तू येताना दिसलास तवाच मागं गेले. बोलले, मला बघून तो अवघडंल."